लिनक्सवर वायफाय गायब: माझा अनुभव

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, अर्ध्या तासात सगळं उरकलं, आवाज चालू, टचपॅड चालू, ब्राइटनेसची बटणंपण चालू, म्हटलं लोक उगाच घाबरवतात. मग वर कोपऱ्यात बघितलं तर वायफायचं चिन्हच नाही. म्हणजे नुसतं नेटवर्क दिसत नाही असं नाही हां, सेटिंगमध्ये "वायफाय अडॅप्टर सापडलं नाही" एवढंच लिहिलेलं.

ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला ड्रायव्हर पाहिजे, म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. यातून सुटका केली मोबाइलने. यूएसबी केबलने जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं, चालू केलं की लिनक्स त्याला सरळ वायरचं नेटवर्क समजतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. हे मला दीड तासाने सुचलं, तोपर्यंत मी मोबाइलवर वाचून वाचून कमांड हाताने टाईप करत होते, तेही सुडो लावून, म्हणजे ॲडमिनचे अधिकार देऊन, अर्थ न कळता. त्याचं फळ पुढे मिळालंच.

दुसऱ्या दिवशी जरा डोकं ठिकाणावर आलं. आधी आरएफकिल लिस्ट (वायफाय, ब्लूटूथ बंद केलेत का ते दाखवणारी कमांड) बघितली, कारण कधीकधी नुसतं विमान मोडचं बटण दाबलेलं असतं आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. त्यात फक्त ब्लूटूथ होतं. मग एलएसपीसीआय ही कमांड एनएनके हे ऑप्शन लावून चालवली आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करायला हवी होती. प्रत्येक हार्डवेअरची ओळ येते, शेवटी चौकोनी कंसात चार-चार अक्षरांचे दोन आकडे मध्ये कोलन देऊन, पहिला कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. लॅनच्या, म्हणजे वायरच्या नेटवर्कच्या, कार्डाखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ होती (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), वायफायच्या कार्डाखाली ती नव्हती. म्हणजे कार्ड जिवंत आहे, कोणी त्याला चालवत नाहीये. लॅपटॉपच्या खोक्यावरचं नाव घेऊन शोधण्यात काही अर्थ नाही, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं असतात, शोधायचं ते या आकड्यांवरून. डीमेसेजमध्येही, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, डोकावले, तिथे फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड फेल, एरर उणे 2 असं आलं असतं तर सोपं होतं, उणे 2 म्हणजे फाइल सापडली नाही, फर्मवेअरचं पॅकेज टाकलं की बहुतेक वेळा काम होतं. माझ्याकडे तसलं काही नव्हतं.

माझ्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हताच, वेगळा टाकायचा होता, डीकेएमएसवाला, म्हणजे आपल्या मशीनवरच कंपाइल, म्हणजे कोडपासून तयार, होणारा. टाकला, कंपाइल झाला, मॉडप्रोब (ड्रायव्हर लोड करायची कमांड) केलं तर "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". कसली की, कसली सर्व्हिस! तर सिक्युअर बूट (मशीन चालू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे इथे ड्रायव्हर, कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता, तो याच्यासाठी होता. रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येते, 10 सेकंदात कुठलंही बटण दाबलं नाही तर गुपचूप पुढे निघून जाते, आणि मी नेमकी तेव्हा उठून गेले होते. मग मोकयूटिल या कमांडने की, म्हणजे त्या सहीची किल्ली, परत इम्पोर्ट केली, परत रीस्टार्ट, या वेळी बोट बटणावर ठेवूनच बसले. एनरोल, कंटिन्यू, येस, पासवर्ड. मॉडप्रोब केलं आणि नेटवर्कची यादी धडाधड आली.

रीस्टार्ट केलं, परत गायब. हाताने मॉडप्रोब केलं की येतं, बंद करून चालू केलं की जातं. दोन दिवस मी रोज सकाळी ती कमांड मारून काम केलं, लाज वाटते सांगायला. शेवटी ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये ब्लॅकलिस्ट शब्द शोधला तर एका फाइलमध्ये एकच ओळ, माझ्याच ड्रायव्हरचं नाव, आणि फाइलची वेळ पहिल्या रात्रीची, 11:40. ती मीच लिहिलेली! त्याच कंपनीच्या दुसऱ्या चिपसाठीची सूचना होती, तिथे हा ड्रायव्हर आडवा येतो म्हणून बंद करतात. ब्लॅकलिस्ट केल्यावर मॉड्यूल आपोआप लोड होत नाही पण नाव घेऊन बोलावलं की येतं, म्हणून हा सगळा खेळ. ओळ उडवली, रीस्टार्ट केलं, चालू. इतके दिवस मी ड्रायव्हरला शिव्या घालत होते.

पुढे एकदा कर्नल अपडेट झाल्यावर वायफाय पुन्हा गेलं, पण तेव्हा दहा मिनिटांत कळलं: डीकेएमएस स्टेटसमध्ये फक्त जुन्या कर्नलचं नाव, नव्याच्या हेडर फाइली (कंपाइल करायला लागतात त्या) नव्हत्या म्हणून ड्रायव्हर कंपाइलच झाला नव्हता. ग्रबमधून, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मेनूतून, जुन्या कर्नलवर गेले, वायफाय आलं, त्यावरूनच हेडरचं पॅकेज टाकलं. आता अपडेट झालं की रीस्टार्टच्या आधी स्टेटस बघते, आणि ती यूएसबी केबल लॅपटॉपच्या बॅगेतून बाहेर काढत नाही.