मार्चअखेरीवर उतारा: औंधचं संग्रहालय

मार्चअखेर उरकली की आमच्या बँकेच्या शाखेत दोन गट पडतात. एक घरी झोपा काढतो, दुसरा महाबळेश्वरच्या घाटात गाड्यांच्या रांगेत जाऊन बसतो. यंदा मी दोन्हीकडून पळ काढला आणि रविवारी आईला घेऊन सातारा जिल्ह्यातलं औंध गाठलं. तिला यमाई देवीचं दर्शन हवं होतं, मला चित्रं. दोन्ही एकाच डोंगरावर, त्यामुळे वादाचा प्रश्नच नव्हता.

साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर करत गेलात की तासा-सव्वा तासात औंध येतं. कराडकडून येणाऱ्यांनी पुसेसावळीमार्गे यावं. रेल्वेचं जवळचं स्टेशन रहिमतपूर, पण तिथून पुढे वाहनाची सोय आपली आपण बघावी लागते. रहिमतपूर सोडलं की हिरवा रंग कमी होत जातो आणि खटावचा उघडा माळ, कडब्याच्या गंजी सुरू होतात. एप्रिलमध्ये अकरानंतर ऊन नुसतं भाजून काढतं. त्यामुळे आधी वरचं देऊळ, मग संग्रहालय, असाच क्रम ठेवा. वरपर्यंत गाडी जाते, म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढवायची गरज नाही.

हे श्रीभवानी संग्रहालय 1938 साली औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलं. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले राजे म्हणून त्यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. संस्थान ते केवढं, तर 72 गावांचं. किर्लोस्करवाडीला जागा दिली ती यांनीच, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीतली चित्रंही यांच्याच हातची. राजा स्वतः कुंचला धरणारा असल्यामुळे संग्रहाला एका माणसाच्या आवडीनिवडीचा वास आहे. सरकारी खरेदीत तो येत नाही.

आत राजा रवि वर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, बंगाल शैलीतली चित्रं आहेत, हस्तिदंत आणि चंदनाचं कोरीवकाम आहे. युरोपियन चित्रांच्या नकलांसमोर मी फार रेंगाळलो नाही. त्या काळी मूळ चित्रं कोण कुठे जाऊन बघणार, म्हणून त्यांचं मोल कळतं, पण जीव रमत नाही. हेन्री मूर यांचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पही याच संग्रहातलं. लंडन-न्यूयॉर्कची संग्रहालयं मिरवतात तो शिल्पकार खटाव तालुक्यात, याची गंमत वाटत राहते.

मी अडकलो तो किरातार्जुनाच्या पहाडी, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याकडच्या शैलीतल्या, लघुचित्रांपाशी. रानडुकरावर अर्जुनाचा बाण आणि किराताच्या वेषातल्या शंकराचा बाण, आणि मग शिकार कुणाची यावरून जुंपलेली. गोष्ट ठाऊक असते, पण इथे नाक काचेला लागेल इतकं जवळ जावं लागतं. झाडाचं पान न् पान वेगळं काढलेलं. महिनाभर स्क्रीनवरच्या बारीक आकड्यांत ताळा लागेना म्हणून डोळे ताणले होते. इथेही तेच डोळे ताणत होतो, पण कुणी उत्तर मागत नव्हतं. आई मागून म्हणाली, “अरे, डुक्कर कुणी मारलं ते कळलं का? चल आता, पाय दुखायला लागले.” तिला बाकावर बसवून मी पुन्हा एक चक्कर मारून आलो.

जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की सगळं बघायच्या फंदात पडू नका. पहिली फेरी भरभर घ्या, आवडलेलं मनात धरा, दुसऱ्या फेरीत तेवढ्यासमोरच थांबा. लहान मुलं असतील तर दीड तासावर ताणू नका. आत फोटो काढायला मनाई आहे, फोन खिशातच राहू द्या. काही वस्तूंपाशी माहिती त्रोटक आहे, त्यामुळे थोडं वाचून गेलात तर जास्त हाती लागतं.

खाण्याचं म्हणाल तर गावात चहा, वडा, मिसळ मिळते, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका. आम्ही घरून भाकरी आणि खर्डा बांधून नेला होता, तेच बरं पडलं. पाणी मात्र भरपूर घ्या.

पौषात देवीची यात्रा भरते आणि नवरात्रातही गर्दी असते; नुसती चित्रं बघायची असतील तर ते दिवस टाळा. संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा जोडून सुटी आली तरी शनिवार-रविवारच गाठा.