दाजींचा फार्व, माझा रॉजर्स आणि भाच्याचा लव्ह

भाऊबीजेला ताई आली की चार दिवस राहते, हे आमच्याकडं ठरलेलंच आहे. २०२५ ला सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं त्यामुळं लातूरला दिवाळी बेताचीच झाली, तरी दाजी आणि भाचा सोमवारपर्यंत थांबले. आईला वाटलं जावयाला घरचा फराळ गोड लागतोय. खरं कारण होतं २७ ऑक्टोबर, पहाटे ५:५०, अमेरिकन फुटबॉलची मॅच, ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध पिट्सबर्ग स्टीलर्स. तिकडं रविवारची रात्र आणि इकडं सोमवारची पहाट. आणि पिट्सबर्गकडून खेळणार होता आरॉन रॉजर्स, जो १८ वर्षं पॅकर्सचा होता, आणि आपल्या जुन्या टीमविरुद्ध पहिल्यांदाच उतरणार होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलमधे बॉल लांबुडका असतो आणि हातानं फेकायचा असतो, आणि तो कुणाकडं फेकायचा हे दोन-तीन सेकंदात ठरवणारा माणूस म्हणजे क्वार्टरबॅक. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असतात आणि ह्यानं तेवढ्यात बघायचं, ठरवायचं, फेकायचं. बॉल आपल्या माणसाच्या हातात गेला तर ठीक, तो समोरच्या टोकाला पोचला तर टचडाऊन, विरोधी टीमनं मधेच पकडला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात, मग बॉल त्यांचा. आमचं सगळं भांडण ह्या एका शब्दावर आहे.

दाजी २००७ ला अमेरिकेत मिलवॉकीला गेले, मशीनच्या कामासाठी. तिथून ग्रीन बे गाडीनं दोन तासांवर. ग्रीन बे म्हणजे लाखभर वस्तीचं गाव, आपलं लातूर त्याच्या तिपटीहून मोठं, आणि टीमचा मालक कुणी शेठ नाही, ५ लाखांहून जास्त लोकांकडं तिचे शेअर आहेत. मी दाजींना पहिल्यांदा हेच म्हणालो होतो की हा तर आपला सहकारी साखर कारखाना झाला, सगळे सभासद. दाजी म्हणाले, हो, फक्त इथं डिव्हिडंड पण नाही आणि दिवाळीची साखर पण नाही, तरी लोक शेअर घेतात आणि फ्रेम करून भिंतीला लावतात. मला तिथंच ही टीम आवडली. २०१० ला मी पण तिकडं गेलो, तीन वर्षं राहिलो.

म्हणून पॅकर्सच्या क्वार्टरबॅकमधे दाजींचा ब्रेट फार्व, रॉजर्सच्या आधीचा, आणि माझा रॉजर्स. भाचा पुण्यात इंजिनिअरिंग करतो, त्यानं पॅकर्स बघायला सुरुवात केली तेव्हा रॉजर्स जायच्या वाटेवर होता, त्याचा जॉर्डन लव्ह.

दाजींना फार्वबद्दल बोलताना ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. २१ डिसेंबर २००३ ला त्याचे वडील वारले आणि दुसऱ्याच दिवशी ओकलंडला मॅच होती, तो खेळला, ३९९ यार्ड आणि ४ टचडाऊन. दाजींनी ती मॅच नंतर रेकॉर्डिंगमधे बघितली तरी सांगताना त्यांचा आवाज बसतो, दरवेळी. १९९२ पासून तो माणूस एकही मॅच चुकला नाही, अंगठा मोडला तरी खेळला, १९९५, ९६, ९७ असं तीन वर्षं लागोपाठ एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, शेवटच्या वर्षी बॅरी सँडर्सबरोबर वाटून. दाजी म्हणतात, "त्यो बॉल टाकायचा तेव्हा काळजात धस्स व्हायचं रे, आता काय होतंय कुणालाच माहीत नसायचं, त्याला पण नाही."

आणि माझं म्हणणं नेमकं तिथंच आहे. काळजात धस्स व्हावं असा क्वार्टरबॅक मला नको. फार्वचे पॅकर्ससाठी ४४२ टचडाऊन पास आणि २८६ इंटरसेप्शन. रॉजर्सचे ४७५ आणि फक्त १०५. हे आकडे मी दाजींना किती वेळा सांगितलेत त्याला मोजमाप नाही. २०१८ च्या अख्ख्या सीझनमधे त्याचे इंटरसेप्शन दोन, दोनच. २०११ ला ४५ टचडाऊन आणि ६ इंटरसेप्शन, टीम १६ पैकी १५ मॅच जिंकली, तो सीझन मी मिलवॉकीत बघितला, बाहेर बर्फ आणि आत आम्ही पाच-सहा जण एका सोफ्यावर. त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, पिट्सबर्गलाच हरवून, ३१-२५. रॉजर्सचा बॉल जिथं जायला पाहिजे तिथंच जायचा, आणि जागा नसेल तर तो सरळ बाहेर फेकून द्यायचा आणि पुढच्या वेळची वाट बघायचा. मला हे धाडसापेक्षा मोठं वाटतं.

आता नव्या माणसाचं काय होतं ते बघा. २००८ च्या मार्चमधे फार्व रडत रडत रिटायर झाला, मग उन्हाळ्यात म्हणाला मला परत यायचंय, टीम म्हणाली आता रॉजर्स, आणि फार्वला न्यूयॉर्क जेट्सला पाठवलं. दाजी सांगतात त्या वर्षी रॉजर्सला प्रॅक्टिसला सुद्धा लोक ओरडायचे. १६ पैकी १० मॅच हरले. दाजी पण त्यातलेच, "मी पण बोललो बाबा त्याला, लपवायचं काय." आणि २०२३ ला तेच परत घडलं, रॉजर्स गेला, तो पण जेट्सलाच, आणि तिथं पहिल्याच मॅचच्या चौथ्या खेळीला त्याच्या टाचेमागची शीर तुटली. इकडं लव्हच्या पहिल्या ७ मॅचपैकी ५ हरल्या. तेव्हा मी भाच्याला मेसेज केला होता की ह्याचं काही खरं नाही. भाच्यानं उत्तर दिलं, "मामा, तुमच्या रॉजर्सला तीन वर्षं बाकावर बसून शिकू दिलं, ह्याला पण तीनच वर्षं बसवलंय, मग मोजताना का घाई करायलात?" मला त्याचं वाईट वाटलं नाही, पटलं. रॉजर्स २००५ ते ०७ बसला, लव्ह २०२० ते २२. पुढं त्याच सीझनला लव्हनं ३२ टचडाऊन टाकले आणि प्लेऑफमधे, म्हणजे बाद फेरीत, डॅलसला त्यांच्याच घरी ४८-३२ नं हरवलं.

पण त्याच्या पुढच्या मॅचबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण आमचं भांडण खरं तिथं फिरलं.

२० जानेवारी २०२४. सॅन फ्रान्सिस्कोला पॅकर्स तीन पॉइंटनं मागं, मिनिटभरापेक्षा कमी वेळ उरलेला, लव्ह उजवीकडं पळाला आणि पळता पळता अंगावरून उलट डावीकडं, मैदानाच्या मधोमध बॉल टाकला, जो टाकू नये हे शाळेतल्या पोराला पण शिकवतात. इंटरसेप्शन. २४-२१ हरलो. इकडं रविवारची सकाळ होती, मी टीव्ही बंद केला आणि दाजींना फोन लावला, वाटलं ते चिडलेले असतील. दाजी एवढंच म्हणाले, "राव, तिकडं आज तारीख काय?"

मला कळंना. मग त्यांनी सांगितलं. २० जानेवारी २००८, ग्रीन बे, उणे १८ डिग्री, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध मॅच बरोबरीत, जादा वेळ, आणि फार्वनं बॉल टाकला आणि कोरी वेबस्टरनं पकडला. २३-२० हरले. तो फार्वचा पॅकर्ससाठी शेवटचा पास. दाजींनी तो मिलवॉकीत टीव्हीवर लाईव्ह बघितलेला. बरोबर १६ वर्षांनी, त्याच तारखेला, तसाच बॉल. दाजी म्हणाले, "पोरगा फार्व आहे रे. तुझा नाही त्यो, माझा आहे."

त्या दिवसापासून दाजी आणि भाचा एका बाजूला आणि मी एकटा. बापलेकांचं कधी एवढं जमलं नव्हतं, ताईच म्हणते. ह्याच्या आधी दाजी लव्हकडं लक्ष पण द्यायचे नाहीत. आता ते दोघं फोनवर त्याचे थ्रो मोजतात, मागच्या पायावर जाऊन टाकलेला, हवेत टाकलेला, तिघांच्या मधून काढलेला. बरं, मी पण प्रामाणिकपणे सांगतो, रॉजर्सच्या सावधपणाची किंमत आम्ही मोजलेली आहे. जानेवारी २०२२, घरच्या मैदानावर बर्फात, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध अख्ख्या मॅचमधे १० पॉइंट, १३-१० हार. शेवटी दोन माणसांनी घेरलेल्या डेव्हांटे ॲडम्सकडंच लांब बॉल टाकला, विश्वासातला माणूस म्हणून, आणि मोकळा उभा असलेला गडी राहून गेला. एक सुपर बोल, चार एमव्हीपी, आणि एवढ्या वर्षांत एकच सुपर बोल. दाजी हे वाक्य बरोबर ह्याच क्रमानं म्हणतात, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नसतं. फार्वकडं पण एकच आहे, हे मी म्हणतो, पण ते काही उत्तर नाही.

तर सोमवारची पहाट. आईनं चहा ठेवला, चिवडा काढला, आम्ही तिघं गोधड्या घेऊन टीव्हीसमोर. अर्ध्या वेळेला पिट्सबर्ग १६-७ नं पुढं. रॉजर्स ४१ वर्षांचा, दाढीत पांढरे केस, काळ्या-पिवळ्या जर्सीत तो मला बघवत नव्हता आणि तरी प्रत्येक पासला माझा हात आपोआप मुठीत जायचा. ह्या एका टीमला हरवलं असतं तर त्याच्या नावावर सगळ्याच्या सगळ्या ३२ टीमना हरवल्याचं झालं असतं, आजवर चारच क्वार्टरबॅकना जमलंय, आणि त्यात एक फार्व. मला काय पाहिजे होतं हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. पॅकर्स हरावेत असं तर कधीच नाही.

मग लव्ह सुरू झाला. एक पास, दोन, पाच, दहा, एकही खाली पडंना. भाचा मोठ्यानं मोजायला लागला, आई आतून म्हणाली काय मोजायलात एवढ्या सकाळी. लागोपाठ २० पास बरोबर हातात. पॅकर्सचा तोच रेकॉर्ड होता, फार्वचा, २० चाच, त्याची बरोबरी झाली. ३६० यार्ड, ३ टचडाऊन, आणि इंटरसेप्शन शून्य. ३५-२५ नं जिंकलो.

दाजी काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "दाजी, आज जे खेळला ते फार्वसारखं नव्हतं. एकदा पण धस्स झालं नाही."

दाजी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "हां, आज तुझा होता."

भाचा म्हणाला, "अहो माझा आहे तो, तुम्ही दोघं काय वाटून घ्यायलात?"

दहाच्या गाडीनं ते पुण्याला गेले. जाताना ताईच्या पिशवीत आईनं चकल्या भरल्या आणि भाचा गाडी सुटेपर्यंत खिडकीतून मला विसावा पास परत परत मोबाईलवर दाखवत होता. मला तो मागच्या पायावरच टाकल्यासारखा दिसला, म्हणजे फार्वसारखाच, पण दाजी ऐकत होते म्हणून मी बोललो नाही.