नौदलाच्या गेम्समध्ये अ‍ॅडमिरलला एवढं सगळं दिसतंच कसं?

नौदलाचा नवा गेम आला की पहिल्या दिवसापासून एक वाद ठरलेला असतो. अमक्या क्रूझरच्या चिलखताची जाडी चुकलीय, तमक्या बॅटलशिपवर त्या वर्षी रडार बसलंच नव्हतं, एवढ्या अंतरावरून हा गोळा डेक भेदूच शकत नाही, वगैरे. मला हे वाद मनापासून आवडतात, त्यातून खूप शिकायला मिळतं आणि लोक त्यासाठी जुने आराखडे शोधून काढतात ते काम खरंच मोठं आहे. पण खरेपणा म्हणजे तेवढाच असं आपण धरून चाललोय ते मला पटत नाही. तोफा, चिलखत, इंजिनं, हे बऱ्याच गेम्सनी आता छान जमवलंय. राहिलंय ते ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभ्या असलेल्या माणसाचं, म्हणजे त्याला त्या क्षणी काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं आणि जे माहीत होतं त्यातलं किती चुकीचं होतं.

पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईचंच घ्या. ३१ मे १९१६, दोन्ही बाजू मिळून २५० च्या आसपास जहाजं. कुठल्याही गेममध्ये ही लढाई सुरू केली की वरून नकाशा दिसतो, इकडे जेलिकोचं ब्रिटिश आरमार, तिकडे शेअरचं जर्मन आरमार, आणि आपण आरामात पॉज करून ठरवतो की रांग डावीकडे उलगडायची का उजवीकडे. खऱ्या जेलिकोला त्या दिवशी काय मिळालं होतं ते बघा. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टीमध्ये, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या मुख्यालयात, रूम ४० नावाचा विभाग जर्मन संदेश फोडत होता, आणि तिथल्या लोकांना माहीत होतं की शेअर समुद्रावर निघताना आपली वायरलेस कॉल साइन (वायरलेसवरचं ओळखनाव) बंदरातच सोडून जातो आणि दुसरी वापरतो. पण ऑपरेशन्सचा अधिकारी आला आणि त्याने एवढंच विचारलं की डीके ही कॉल साइन कुठून ऐकू येतेय. उत्तर मिळालं, याडे नदीच्या मुखातून. तो तसाच परत गेला आणि जेलिकोला कळवलं गेलं की जर्मन ध्वजनौका अजून बंदराजवळच आहे. त्यामुळे जेलिको इंधन वाचवत सावकाश येत राहिला, आणि काही तासांतच अख्खं जर्मन आरमार समोर असल्याची खबर आली! त्यानंतर अ‍ॅडमिरल्टीच्या निरोपांवर त्याने किती विश्वास ठेवायचा? त्या रात्री शेअर डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळच्या हॉर्न्स रीफच्या बाजूने घरी पळतोय हे सांगणारे संदेश लंडनमध्ये फोडले गेले होते, त्यातला महत्त्वाचा भाग जेलिकोपर्यंत पोचलाच नाही, जो थोडा पोचला त्यावर त्याने विसंबायचं टाळलं, आणि मागच्या रांगेतल्या ज्या ब्रिटिश जहाजांना अंधारात जर्मन युद्धनौका दिसल्या त्यांनीही वर कळवलं नाही. सकाळी समुद्र रिकामा.

आता हे गेममध्ये आणायचं कसं? साधं धुकं असतं बऱ्याच गेम्समध्ये, म्हणजे दिसलं नाही ते नकाशावर येत नाही आणि दिसलं की बरोबर नावानिशी येतं. इथेच घोळ आहे, कारण समुद्रावर माहिती नुसती कमी नसायची, ती चुकीची असायची आणि खात्रीने सांगितली जायची. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात जपानी टेहळणी विमानांनी एक विमानवाहू नौका आणि एक क्रूझर दिसल्याचं कळवलं, त्यावर मोठा हल्ला पाठवला, आणि होतं काय तर निओशो हे अमेरिकन तेलवाहू जहाज आणि सिम्स ही एक विनाशिका. त्याच दिवशी संध्याकाळी अंधारात भरकटलेली काही जपानी विमानं चक्क यॉर्कटाउन या अमेरिकन विमानवाहू नौकेवर उतरायला आली होती. महिन्याभरात मिडवेच्या लढाईत हिर्यु या जपानी विमानवाहू नौकेच्या विमानांनी यॉर्कटाउनवर तीन बॉम्ब टाकले, तिच्या लोकांनी आगी विझवून, बॉयलर पुन्हा पेटवून तिला असं चालतं केलं की दुसऱ्या तुकडीला वाटलं ही वेगळीच, धडधाकट नौका आहे, आणि त्यांनी पुन्हा तिलाच टॉर्पेडो मारले. हिर्युवर समज असा की आपण दोन नौका निकामी केल्या. माझ्या मते ज्या गेममध्ये हा गैरसमज होऊच शकत नाही त्यात मिडवे नाही, मग विमानांवरचा रंग कितीही अचूक असो.

हेल्थ बारचा मुद्दा पण इथेच येतो. जहाजाला अमुक हजार पॉइंट, प्रत्येक गोळ्याला थोडे कमी, शून्य झाले की बुडालं. मल्टिप्लेअरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत सामना उरकायचा असेल तर ठीक आहे, वर्ल्ड ऑफ वॉरशिप्ससारख्या गेमने तसंच करणं मी समजू शकतो. पण स्वतःला सिम्युलेशन म्हणवणाऱ्या गेमने असं करू नये. हूड ही ब्रिटिश युद्धनौका २४ मे १९४१ ला स्फोट होऊन काही मिनिटांत गेली, १,४१८ माणसांपैकी तिघं वाचले. ताइहो ही जपानची नवीकोरी विमानवाहू नौका जून १९४४ मध्ये एका टॉर्पेडोने गेली, तीही लगेच नाही, टॉर्पेडो लागल्यावर ती चालतच होती, पण विमानाच्या पेट्रोलची वाफ आत पसरत गेली आणि काही तासांनी स्फोट झाला. आणि बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेला एका जुनाट दुपंखी स्वोर्डफिश विमानाचा टॉर्पेडो सुकाणूपाशी लागला आणि ती गोल फिरत बसली. यातला एकही प्रकार पॉइंट वजा करून दाखवता येत नाही. रूल द वेव्ह्ज हा गेम इथे मला सगळ्यात जवळचा वाटतो, दिसायला अगदीच साधा, ठिपके आणि रेघा, पण त्यात पाणी शिरणं, आग, सुकाणू अडकणं, दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट हे वेगवेगळं मोजलं जातं.

शिडांच्या जहाजांच्या गेम्सबद्दल थोडक्यातच बोलतो. त्यात वारा बहुतेकदा सजावटीपुरता. १८०५ ला ट्रफाल्गारच्या लढाईत ब्रिटिशांना पहाटे शत्रू दिसला आणि पहिला गोळा सुटेपर्यंत जवळजवळ दुपार झाली, कारण वारा इतका मंद होता की ती जहाजं माणसाच्या चालीने पुढे सरकत होती आणि शेवटच्या टप्प्यात समोरच्या तोफा अंगावर घेत जावं लागलं. गेममध्ये हा भाग उडवून थेट धडाधड सुरू होतं.

इंधनाचं मात्र सांगायलाच हवं. हार्ट्स ऑफ आयर्न ४ हा दुसऱ्या महायुद्धाचा गेम २०१६ ला आला तेव्हा त्यात साठवायचं, जाळायचं इंधन असा प्रकारच नव्हता, तेल लागायचं ते जहाज बांधताना. २०१९ मध्ये इंधन आलं आणि जपान खेळण्याचा अर्थच बदलला, कारण खऱ्या जपानी आरमाराचे निर्णय तेलाने ठरत होते. १९४४ ला त्यांच्या मोठ्या युद्धनौका सुमात्राच्या तेलाजवळ लिंग्गाला आणि विमानवाहू नौका मायदेशाजवळ, म्हणजे आरमार दोन तुकड्यांत, हजारो मैलांवर. हे ज्याने गेममध्ये स्वतः भोगलंय त्याला त्याच वर्षीची फिलिपिन्समधली लेटेची लढाई तशी का झाली हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न मला वाटतो तो पश्चातबुद्धीचा. अमेरिकेचा मार्क १४ टॉर्पेडो युद्धाच्या सुरुवातीला सदोष होता, ठरवल्यापेक्षा सुमारे १० फूट खोल जायचा, चुंबकीय स्फोटक कधी आधीच फुटायचं तर कधी फुटायचंच नाही, आणि हे दोष काढले तरी आपटून फुटणारी पिनच वाकायची, तीही नेम अगदी काटकोनात बसला की जास्त. जुलै १९४३ मध्ये टिनोसा पाणबुडीने एका थांबलेल्या मोठ्या जपानी जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले, ते आपटले आणि फुटले नाहीत, शेवटी कप्तानाने एक टॉर्पेडो न मारता तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत नेला. जवळजवळ दोन वर्षं वरचे लोक म्हणत होते की तुमचा नेम चुकतोय. आता गेममध्ये हे ऑन-ऑफ करायचं बटण असतं. ऑन केलं तरी आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की दोष टॉर्पेडोत आहे! खऱ्या कप्तानाचा त्रास हा होता की त्याला स्वतःवरच शंका यायची, आणि नेमकी तीच गोष्ट बटणाने येत नाही. माझं म्हणणं असं की प्रत्येक नव्या मोहिमेत कुठल्या देशाचं कुठलं शस्त्र सदोष असेल हे गेमने गुपचूप ठरवावं आणि खेळणाऱ्याने ते शोधून काढावं. आकडे इतिहासाशी जुळणार नाहीत हे कबूल, पण अनुभव जुळेल, आणि निवडायचंच झालं तर मी अनुभव निवडेन.

हे काही अशक्य नाही. जानेवारी १९४२ मध्ये लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाने वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट सुरू केलं, गिल्बर्ट रॉबर्ट्स हा अधिकारी आणि त्याच्याबरोबर नौदलातल्या तरुण मुली. जमिनीवर मोठा पट, खडूने आखलेले ताफ्याचे आणि जर्मन पाणबुड्यांचे मार्ग, आणि खेळणारे अधिकारी कापडी पडद्यामागे. पडद्याला फट, त्यातून पटाचा तेवढाच भाग दिसणार जेवढा ब्रिजवरून दिसला असता. पाणबुडीची रेघ अशा रंगाची की त्या जागेवरून ती दिसूच नये. निर्णयाला वेळ मोजून मिळायचा. इथे शिकलेले अधिकारी पुढे खरोखर अटलांटिकवर गेले. कॉम्प्युटरवर तर हे त्याहून कितीतरी सोपं आहे, फक्त डिझायनरने खेळणाऱ्यापासून काही गोष्टी लपवायची हिंमत करायला हवी आणि आपणही प्रत्येक वेळी सगळा नकाशा उघडून दाखवा म्हणून ओरडू नये.

कोणाला सुरुवात करायची असेल तर रूल द वेव्ह्जमध्ये सगळी जहाजं आपल्या हातात देणारा मोड आधी बंद करा, कडक मोड घ्या आणि एखादी रात्रीची लढाई खेळा. लांबची तुकडी सांगितलेलं ऐकणार नाही, विनाशिका भलतीकडे जातील, समोर दिसलेलं जहाज आपलं का त्यांचं हे कळायच्या आत गोळे सुटतील. मग जेलिकोने त्या संध्याकाळी काय काय केलं ते पुन्हा वाचा.