शुगर आणि विसर

आज बाबांना डॉक्टरांकडे नेलं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.२, म्हणजे बरीच वाढलेली. गोळ्यांच्या डबीत मंगळवार-बुधवारचे कप्पे भरलेलेच, आणि बाबा ठामपणे म्हणतात, घेतल्या! डॉक्टर म्हणाले, शुगर आणि विसर अगदी वेगळे समजू नका. इन्सुलिन मोडणारं एन्झाइमच मेंदूतलं बीटा-अमायलॉइडही (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) मोडतं. इन्सुलिन सतत वाढलेलं असलं की हे एन्झाइम तिकडेच गुंततं आणि अमायलॉइड साचत जातं, असा एक कयास आहे. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात ते वेगळंच. रॉटरडॅमच्या १९९९ च्या अभ्यासात मधुमेहींना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका जवळपास दुप्पट दिसला होता. प्रत्येकाला होतोच असं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं (बहुधा माझा चेहरा बघून). मी इतकी वर्षं फक्त पाय आणि डोळे तपासून घेत राहिले. परतताना बाबांनी विचारलं, "रिपोर्ट कुणाचा होता गं?"