आडवा कॅमेराही उलटा : 21 दिवसांची नोंद

व्हिडिओ गेममध्ये उभा कॅमेरा, म्हणजे वर-खाली बघायची दिशा, माझा पहिल्यापासून उलटाच. कंट्रोलरची उजवी स्टिक खाली ओढली की नजर वर जाते. टिळकवाडीतल्या एका सायबर कॅफेत विमानाच्या गेमसाठी जॉयस्टिक होती, तिथं हाताला वळण लागलं. विमानात दांडा पोटाकडं ओढला की नाक वर उचलतं, त्यामुळं मला त्यात कधी उलटं वाटलंच नाही. आडवा कॅमेरा, म्हणजे डावी-उजवी दिशा, मात्र सरळ, चारचौघांसारखा. उजवीकडं ढकललं की उजवीकडचं दिसतं. तोही उलटा करून आज 21 दिवस झाले. गेम एल्डन रिंग, कारण त्यात आडवी आणि उभी दिशा वेगवेगळी उलटवता येते. रोज जेवणानंतर एक तास, आणि मधेच सेटिंग बदलायचं नाही.

हे डोक्यात आलं निपाणीकडं, मामाच्या उसाच्या फडात. मामेभाऊ ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घ्यायला शिकत होता. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडं मारावं लागतं, आणि ते त्याला जमेना. मामा बांधावरून ओरडले, "ट्रॉलीकडं बघ की! तोंडाकडं कशाला बघूलास?"

घरी येऊन कंट्रोलर हातात घेतला तेव्हा तेच वाक्य कानात होतं. मागून दिसणाऱ्या गेममध्ये आपला गडी म्हणजे ट्रॅक्टर आणि कॅमेरा म्हणजे मागची ट्रॉली. ट्रॉली डावीकडं सरकली की तिच्यातून बघणाऱ्याची नजर उजवीकडं वळते. म्हणजे स्टिकनं नजर हलवायची असेल तर सरळ सेटिंग बरोबर, आणि ट्रॉली हलवायची असेल तर उलटं सेटिंग बरोबर. आजवर मी उभ्या दिशेला एक गोष्ट हलवत होतो आणि आडव्या दिशेला दुसरीच.

दिवस 1 ते 4. चालताना ठीक, घोड्यावर त्याहून ठीक. पण सुरुवातीच्या मैदानातला तो सोनेरी घोडेस्वार मागून आला की अंगठा जुन्या वाटेनं जायचा आणि मी भलतीकडं बघत असायचो. त्याच्यावर लॉक-ऑन केलं, म्हणजे बटण दाबून नजर त्याच्यावर खिळवली, की कॅमेरा गेमच सांभाळतो, म्हणून तसल्या लढाया मी सरावात धरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एक लक्षात आलं. चूक फक्त स्टिकच्या पहिल्या धक्क्याला होते. एकदा वळायला लागलं की हात आपोआप सुधारतो. तेव्हापासून मी पहिले धक्केच मोजतो.

दिवस 6 हा या नोंदीतला सगळ्यात मोलाचा दिवस. पडक्या देवळातला एक खांब निवडला. तो पडद्याच्या मधोमध ठेवून त्याच्याभोवती फिरायचं, एवढंच. उजवीकडं चाललो की खांब पडद्यावर डावीकडं सरकतो, म्हणून नजर डावीकडं वळवावी लागते. सरळ सेटिंगमध्ये चालवणारा डावा अंगठा उजवीकडं आणि कॅमेऱ्याचा उजवा अंगठा डावीकडं, अशी ओढाताण होते. उलट्या सेटिंगमध्ये दोन्ही अंगठे एकाच बाजूला जातात! उजवीकडं फिरायचं तर दोन्ही उजवीकडं. इतकी वर्षं खेळूनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी लढाईत उतरायच्या आधी दहा मिनिटं खांबाभोवती फिरावं. शंभर वेळा समजावण्यापेक्षा अंगठ्यांना ते लवकर कळतं.

जुन्या गेममध्ये कॅमेरा खरोखरच वेगळा गडी होता. 1996 च्या सुपर मारिओ 64 मध्ये लाकितू नावाचं पात्र ढगावर बसून, गळाला कॅमेरा टांगून मारिओच्या मागं फिरतो. 2002 च्या सुपर मारिओ सनशाइनमध्ये आडवा कॅमेरा मुळातच उलटा होता. 2020 साली तो गेम निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला तेव्हा सप्टेंबरात ही दिशा सरळ करून दिली होती आणि बदलायची सोय नव्हती. नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये ती सोय आली. ज्यांचा हात मूळ गेमवर बसला होता, त्यांना त्या दोन महिन्यांत काय वाटलं असेल हे आता मला नीट समजतं.

माझ्या जॉयस्टिकच्या गोष्टीवरही आता माझा पूर्वीइतका विश्वास नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2025 मध्ये, काहींना उलटा कॅमेरा का पटतो यावर, निबंध प्रसिद्ध केला. पहिल्यांदा कुठला गेम खेळलात यापेक्षा मेंदू एखादी वस्तू मनातल्या मनात किती चटकन फिरवून बघतो, याचा संबंध त्यांना जास्त दिसला. आणि सरळवाले नि उलटवाले, दोन्ही गटांनी दुसरी बाजू काही तास तरी खेळून बघावी, असं त्यांचं म्हणणं आहे.

दिवस 12, धनुष्य. इथं घोडं अडलं. नेम धरला की कॅमेरा खांद्याजवळ येतो आणि ट्रॉली उरतच नाही, फक्त मान उरते. मान म्हटलं की उभी दिशा उलटीच पटते. स्टिक म्हणजे डोकं, पुढं ढकललं की ते पुढं झुकतं आणि जमीन दिसते. पण डावी-उजवी नजर मला तिथं सरळ लागते. पीएस5 (प्लेस्टेशन 5) कन्सोलच्या सिस्टिम सेटिंगमध्ये डोळ्यांतून दिसणाऱ्या आणि मागून दिसणाऱ्या गेमसाठी उलटं-सुलटं वेगवेगळं ठरवता येतं, ते अगदी योग्य आहे. नेम धरण्यासाठीही तसा तिसरा रकाना प्रत्येक गेमनं द्यायला हवा, असं माझं ठाम मत झालंय.

दिवस 15 आणि 16 खानापूरला लग्न होतं, कंट्रोलरला हात नाही. परत आल्यावर वाटलं, सगळं पुसलं गेलं असेल. उलट पहिल्याच संध्याकाळी हात सैल होता, आणि मागून आवाज आला तरी अंगठा बरोबर गेला.

काल धाकट्या भावानं कंट्रोलर घेतला. "दादा, हे सगळं उलटं करून ठेवलायस की!" मी त्याला त्या खांबापाशी नेलं आणि म्हटलं, दोन्ही अंगठे एकाच बाजूला ने. दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "होय की." आणि सेटिंग न बदलता अर्धा तास खेळला.

आजच्या तासात पहिला धक्का 3 वेळा चुकला. तिन्ही वेळा हातात धनुष्य होतं.