आमची वाटचाल : डाग न काढण्याचं काम

आमच्या फर्मची सुरुवात जुने दस्तऐवज आणि पोथ्या दुरुस्त करण्यापासून झाली. फाटलेलं सांधायचं, मळलेलं स्वच्छ करायचं. दहशतवादी हल्ल्यातून वाचलेल्या एक बाई त्या दिवशीची पर्स घेऊन आल्या आणि कामाची दिशाच बदलली. पर्समध्ये ओळखपत्र, तिकीट, पानं चिकटलेली छोटी डायरी. "धुऊ मात्र नका," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं योग्यच होतं. न्यूयॉर्कच्या ९/११ संग्रहालयात एका दुकानातले धुळीने माखलेले कपडे तसेच बंद काचेआड जपले आहेत, कारण ती धूळच साक्षीदार आहे. पण कोसळलेल्या इमारतीच्या धुळीत सिमेंट आणि काचेचे तंतू असतात. ती पर्सचं चामडं खाते, श्वासातही जाते. म्हणून आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, मग बारीक गाळणीच्या व्हॅक्युमने फक्त सुटी धूळ काढायची. तीही फेकत नाही, नाव घालून कुपीत बंद करतो. रक्ताच्या डागाला तर हातच लावत नाही.

डायरीने खूप वेळ घेतला. पानं ओढली असती तर शाई वरच्या पानाबरोबर निघून आली असती. हलकी वाफ देत, पातळ पट्टी सरकवत एकेक पान सुटं केलं, मध्ये टिपकागद घातला. तिकीट थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या कागदाचं होतं. असा कागद लॅमिनेट केला की उष्णतेने काळा पडतो, त्यामुळे लॅमिनेशनला आमचा ठाम नकार असतो. आधी स्कॅन, मग आम्लरहित पाकीट आणि अंधार. टाचण्या गंजतात, त्या काढतो. पण मुद्देमाल म्हणून ठेवलेल्या वस्तूंवरच्या चिठ्ठ्या आणि सील राहू देतो. वस्तू कुठून कुठे फिरली, ते त्यांवरूनच कळतं.

कागद भिजलेले असतील तर दोन दिवसांत बुरशी धरते. वाळवायला सवड नसेल तर ते गोठवून ठेवावेत, हे लोकांना माहीत असायला हवं.

खोका उघडण्याआधी त्या माणसाला समोर थांबायचंय का, हे आम्ही विचारतो. काय दाखवायचं, काय कुणालाच नाही, हेही तेच ठरवतात. संस्थांनी कितीही आग्रह केला तरी हा नियम आम्ही मोडत नाही.

हल्ली मोबाइलही येऊ लागलेत. जुनी बॅटरी फुगून सगळंच धोक्यात आणते, म्हणून मजकूर उतरवून घेतला की पहिल्यांदा ती बाहेर काढतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स जाणणारी एक मुलगी आता आमच्यात आहे.