तुम्ही कुठल्या बाजूने चाललाय?

१९ फेब्रुवारी, मेलबर्न

उद्या पहाटे निघायचं. कॅरॅव्हॅन दारात उभी आहे. १९ फुटी, जुनी घेतलेली, आत अजून आधीच्या मालकांच्या कुत्र्याचा वास. आठवड्याभरात फोडणीचा येईल.

संध्याकाळी सांगलीला फोन झाला. ‘बिग लॅप’ म्हणजे काय हे सासूबाईंना समजावताना माझी दमछाक झाली. देशाच्या कडेकडेने जाणारा हायवे वन नावाचा रस्ता आहे, साधारण १४,५०० किलोमीटरचा, तो धरून एक फेरी मारायची आणि परत घरी यायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे प्रदक्षिणाच की. देव उजव्या हाताला ठेवा म्हणजे झालं.” नवऱ्याने नकाशा उघडला. मेलबर्नहून पश्चिमेला निघालं की अख्खा देश खरोखरच उजव्या हाताला येतो! आम्ही तसंच ठरवलं होतं, पण देवासाठी नव्हे, हवेसाठी. उत्तरेकडे पाऊस नसतो ते मे ते सप्टेंबर, आणि त्या महिन्यांत तिकडे पोचायचं तर हीच बाजू सोयीची.

ओजस नऊ वर्षांचा आहे. चौथीचं वर्ष गाडीत होणार. त्याने महिनाभरात एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला: “तिथे मुलं असतील?” मी प्रत्येक वेळी म्हटलं, खूप असतील. मला काय माहीत होतं, डोंबल.

८ मार्च, नलरबॉर

नलरबॉर हे वाटेतलं भलंमोठं सपाट मैदान. नावाचा लॅटिनमध्ये अर्थ ‘झाड नाही’. प्रत्यक्षात आपण जातो त्या रस्त्यावर झाडं बरीच आहेत, खुरटी का होईना. अगदी बोडका तुकडा लहानसाच लागतो. तो आला तेव्हा ओजसने पुस्तकातून मान वर केली, दोन्ही खिडक्यांबाहेर पाहिलं, “हं” म्हणाला आणि पुन्हा खाली घातली. समुद्रकाठच्या कड्यांवरून देवमासे दिसतील म्हणून त्याने दुर्बीण घेतली होती. ते इथे मे-जूनपासून येतात. आम्ही मार्चमध्ये. पहिली फसवणूक आमच्या नावावर जमा.

पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द. तिथे गाडी थांबवून आत शिरून तपासतात. ताजी फळं, भाज्या, मध, काही पुढे नेता येत नाही, शेतीला रोगराई नको म्हणून. त्यामुळे आदल्या रात्री रोडहाउसच्या आवारात सगळे आपापल्या टोपल्या रिकाम्या करत बसतात. मी होतं-नव्हतं ते सगळं शिजवून घोटलं. पावभाजी हा पदार्थ या हद्दीसाठीच जन्माला आला असावा.

राहिला मध. अर्धी बाटली. शेजारच्या गाडीतली ओजसच्या वयाची मुलगी आणि हा, दोघं पायरीवर बसून एकेक चमचा घेत होते. मध्येच ब्रेड. मध्येच नुसतंच बोट. अंधार पडला तरी बसलेले. मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त हसू यायचं आणि चमचा काचेवर आपटल्याचा आवाज. सकाळी उठलो तर त्या गाडीची जागा रिकामी. ते पूर्वेला गेले, आम्ही पश्चिमेला. ओजसने त्या जागेवर जाऊन चाकांच्या खुणा पाहिल्या. मग बाटली धुतली आणि आपल्या पेन्सिली तिच्यात ठेवल्या.

१० मार्च

काल-आज मिळून जे काही: डांबरी रस्त्यावरच पट्टे रंगवून केलेली विमानाची धावपट्टी, फ्लाइंग डॉक्टरचं विमान उतरवायला. कायगुनानंतर १४६.६ किलोमीटर वळणच नसलेला रस्ता. आणि हद्दीलगतच्या चार-दोन वस्त्यांचं स्वतःचं घड्याळ, पर्थच्या पुढे पाऊण तास. अर्धा नाही, एक नाही, पाऊण! ओजसला हे सगळ्यात आवडलं. “त्या मुलीचे आत्ता किती वाजले असतील?” त्याने विचारलं. ती कुठवर पोचली असेल ते माहीत असल्याशिवाय हे सांगता येत नाही, असं मी म्हटलं, आणि मग बराच वेळ गाडीत कोणी बोललं नाही.

१६ एप्रिल, पर्थच्या जवळ

कॅरॅव्हॅन मागे घेणं ही नवरा-बायकोची परीक्षा आहे. चाक डावीकडे फिरवलं की कॅरॅव्हॅनचं बूड उजवीकडे जातं. मी मागे उभी राहून हात हलवणार, त्याला आरशात दिसणार नाही, तो काच खाली करून विचारणार, मी म्हणणार “अरे ये ना”, तो विचारणार “ये म्हणजे कुठे?”, आणि आजूबाजूचे सगळे पेन्शनर खुर्च्या वळवून बसणार. फुकटचा तमाशा.

आज ओजस म्हणाला, “आई, तू आत जा.” स्वतः आरशात दिसेल अशा जागी उभा राहिला. दोन्ही हात डोक्यावर: ये. एक हात: त्या बाजूला. मूठ: थांब. पहिल्या फटक्यात गाडी जागेवर. शेजारच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. आजपासून हे खातं त्याचं.

माझ्याकडे भांडी. मैल्याची टाकी डम्प पॉइंटवर नेऊन ओतणं नवऱ्याकडे. त्यावर जास्त लिहीत नाही.

२८ मे, एक्समाउथ

प्रवाळ किनाऱ्याला इतकं लागून आहे की कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवलं तरी मासे दिसतात. यावर मला पानभर लिहायचं होतं.

चार दिवस ओजस एका मुलाबरोबर सकाळपासून रात्रीपर्यंत होता. सायकली, पाणी, पुन्हा सायकली. काल ते लोक दक्षिणेला गेले. जेवताना मी सहज विचारलं, त्याचं नाव काय रे?

“माहीत नाही.”

चार दिवस खेळलास आणि नाव नाही विचारलंस?

“आता मी कुणालाच विचारत नाही. नाव कळलं की नंतर आठवतं.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. नलरबॉरपासून आत्तापर्यंत किती मुलं झाली असतील? मी बोटांवर मोजायला लागले आणि दहानंतर सोडून दिलं. प्रत्येकाचा निरोप दोन मिनिटांचा. आईबाबा गाडी जोडत असतात, गॅसची नळी काढत असतात, पोरं बाजूला उभी असतात. मग “बाय.”

या प्रवासाला निघण्याआधी भेटेल तो म्हणत होता, याच्यासारखी शाळा नाही. मीही म्हणत होते. पण या शाळेत वर्गातली मुलं दर तीन दिवसांनी बदलतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः पुण्याहून इथे आले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, एकदाच निरोप घेतला आणि त्यावर अजून रडते. हा नऊ वर्षांचा आहे आणि त्याने तोडगा काढून ठेवलाय.

१३ जुलै, ब्रूम

माती इतकी लाल की पांढरं काही उरलं नाही. ओजसचे मोजे आता कायमचे विटकरी आहेत. इथे या मातीला ‘पिंडन’ म्हणतात.

तीन गोष्टी झाल्या.

पहिली. परवा दुपारी समोरच्या जागेवर एक कॅरॅव्हॅन आली आणि ओजस ओरडला, “डम्प पॉइंटवाला!” एक्समाउथला डम्प पॉइंटच्या रांगेत दोघं आपापल्या बापाशेजारी नाक दाबून उभे होते, एवढीच ओळख. पण या वेळी मी पाहिलं, ओजस पळत गेला नाही. जवळ जाऊन उभा राहिला आणि पहिला प्रश्न विचारला: “तुम्ही कुठल्या बाजूने चाललाय?”

तो मुलगा पर्थचा. मे महिन्यात घरून उत्तरेला निघालेत. म्हणजे आमच्याच बाजूने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे.

ओजसने मला नंतर समजावून सांगितलं, कागदावर गोल काढून. उलट्या बाजूचे लोक एकदा भेटतात आणि संपतात. आपल्या बाजूचे पुढे-मागे होत राहतात, पण रस्ता एकच आहे, त्यामुळे कुठे ना कुठे पुन्हा गाठ पडते. म्हणून आधी बाजू विचारायची, मग नाव. हे त्याने केव्हा शोधून काढलं कोण जाणे. या मुलाचं नाव त्याने विचारलं. (इथे लिहीत नाही, त्याच्या आईला विचारलेलं नाही.)

दुसरी. रात्री एका वाटाड्याबरोबर आभाळ पाहायला गेलो. इथल्या बऱ्याच मूळनिवासी समाजांत तारे जोडून नव्हे, तर ताऱ्यांमधला काळोख पाहून आकार ओळखतात. आकाशगंगेतले काळे डाग मिळून एक लांबलचक एमू पक्षी होतो. दहा मिनिटं मला काहीच दिसेना. मग एकदम दिसला, आणि मग दुसरं काही दिसेचना. त्याचं डोकं म्हणजे त्रिशंकू तारकासमूहाला चिकटून असलेला काळा ठिपका.

तिसरी. ‘त्रिशंकू’ म्हटल्यावर सांगलीला फोन करणं भाग होतं. आबा निवृत्त मास्तर. तिकडे संध्याकाळ, धो धो पाऊस, आभाळाचा पत्ता नाही, पण त्यांना हवा होता तो विषय मिळाला. त्रिशंकू सांगलीच्या गच्चीवरून मे महिन्यात दक्षिणेला पार खाली दिसतो, म्हणाले. विश्वामित्राने राजाला सदेह स्वर्गात पाठवलं, देवांनी ढकललं, तो मध्येच लटकला. ओजसने विचारलं, “मग त्याची शाळा कुठली?” आबा इतके हसले की आजी बघायला आल्या.

मग ते म्हणाले, त्रिशंकूच्या शेजारी दोन ठळक तारे आहेत बघ. जास्त तेजस्वी तो ‘मित्र’, दुसरा ‘मित्रक’. मित्र हा सूर्यानंतर नुसत्या डोळ्यांना दिसणारा आपला सगळ्यात जवळचा शेजारी, साधारण ४.४ प्रकाशवर्षांवर.

ओजस गप्प होता. मग म्हणाला, “आबा, तो कुठल्या बाजूने चाललाय?”

आबांना उत्तर आलं नाही. मास्तरांना उत्तर येत नाही तेव्हा ते “उद्या सांगतो” म्हणतात. आज सकाळी फोन: “वाचून काढलं. आपल्याकडेच येतोय. सेकंदाला वीसेक किलोमीटर.”

ओजसने हे समोरच्या कॅरॅव्हॅनमध्ये जाऊन सांगितलं.

१९ ऑगस्ट, ॲलिस स्प्रिंग्स

उलुरू या अजस्र खडकाला गेलो, ३४८ मीटर उंच, पायथ्याने चालत फेरी. वर चढणं २०१९ पासून बंद आहे आणि ते योग्यच; इथल्या अनंगू लोकांची ती पवित्र जागा. सूर्यास्ताच्या वेळी शेकडो माणसं खुर्च्या टाकून बसली होती. आमचा चहा गार झाला. बास.

ओजसला जे लागलं ते ॲलिसमध्ये: स्कूल ऑफ द एअर. १९५१ साली रेडिओवर सुरू झालेली शाळा, आता पडद्यावर चालते. विद्यार्थी १३ लाख चौरस किलोमीटरमध्ये विखुरलेले, म्हणजे चार महाराष्ट्र आणि वर थोडं. बाईंचा तास काचेपलीकडून बघता येतो. एकेका मुलाचा चेहरा चौकटीत, मागे पत्र्याची भिंत, एकाच्या मांडीवर कोकरू. ही मुलं एकमेकांना प्रत्यक्ष वर्षातून काही वेळाच भेटतात, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

“पण त्यांना एकमेकांची नावं माहीत आहेत,” ओजस म्हणाला. अर्धा तास तो काचेपासून हलला नाही.

गणेश चतुर्थी, कारुम्बा

गणपती पिंडनचा. ओजसने ब्रूमहून एका डब्यात माती भरून घेतली होती, मला न सांगता. पर्थवालेही इथेच आहेत. त्या मुलाने सोंड केली, ती तीनदा गळून पडली. शेवटी आत काडी घातली. मोदकाला सुकं खोबरं.

विसर्जन कुठे, हा प्रश्न होता. समोर नॉर्मन नदीचं मुख आणि काठावर मगरींची पाटी. वाटेत नॉर्मंटनला आठ मीटरच्या वर लांब मगरीचा पुतळा लागला होता, १९५७ मध्ये याच नदीत मारलेल्या मगरीचा. तो पाहिल्यावर “पुढच्या वर्षी लवकर या” कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून म्हणायची कोणाची छाती नव्हती. बादलीत केलं. लाल पाणी दोघांनी मिळून एका झाडाच्या बुंध्याशी ओतलं. त्या मुलाच्या वडिलांनी टोपी काढली. ओजस त्यांना म्हणाला, “रडू नका, तो परत येतो.” ते रडत नव्हते, माश्यांमुळे डोळे चोळत होते.

१४ डिसेंबर, मेलबर्न

घरी येऊन तीन आठवडे झाले. ओजसला स्वतःची खोली मोठी वाटते. पहिले चार दिवस तो आमच्या खोलीत जमिनीवर झोपला. शाळेत एक दिवस जाऊन आला. जुन्या दोस्ताला आता फुटबॉलवाले दुसरे मित्र आहेत. “ठीक आहे,” म्हणाला. ते ठीक नाही, हे मला कळतं, पण सध्या त्याला विचारत नाही.

परवा पर्थहून, म्हणजे पर्थच्या वाटेवरून, निरोप आला. ते सिडनी सोडून खाली उतरलेत. नलरबॉरवरून घरी जायचं तर मेलबर्न वाटेतच. दोन रात्री आमच्याकडे.

ओजसने काल गवत कापलं. आज कचऱ्याचे डबे हलवले, शेजाऱ्यांना गाडी पुढे घ्यायला लावली, आणि पावलं टाकून दार ते रस्ता असं अंतर मोजलं. त्यांची कॅरॅव्हॅन २१ फुटी आहे. मी म्हटलं, रस्त्यावर लावू देत ना. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साडेचारला ते वळणावर दिसले. मी खिडकीत. ओजस ड्राइव्हवेच्या टोकाला, आरशात दिसेल अशा जागी. दोन्ही हात डोक्यावर. आतून त्या मुलाने काच खाली केली आणि काहीतरी ओरडला, पण ओजसने तिकडे बघितलं नाही. बूड कुंपणाच्या बाजूला सरकलं, त्याने एक हात बाहेर काढला. चाक सरळ झालं. पुन्हा दोन्ही हात. ये, ये, ये.

मूठ.